निवडून घेतलेले भाऊ

आपल्या भाषेत 'भाऊ' या शब्दात जितका जिव्हाळा आहे तितकाच 'भाऊबंदकी' या शब्दात कडवटपणा आहे. आणि हे दोन्ही शब्द एकाच घरात पिढ्यानपिढ्या नांदत आले याचे कारण इतकेच की भाऊ निवडता येत नाही. तो वाट्याला येतो. त्याच्याशी पटो वा न पटो, त्याचे सुतक आपल्याला आणि आपले त्याला. मित्राशी अबोला धरून भागते, परंतु भावाशी वीस वर्षे बोलणे टाकले तरी सातबाऱ्यावर दोघांची नावे एकाखाली एक राहतातच. म्हणूनच अमेरिकेतील महाविद्यालयांतून सुमारे दोनशे वर्षे चालत आलेल्या 'फ्रॅटर्निटी' नामक संस्थेचा विचार करू लागले म्हणजे मराठी मन पहिल्यांदा अडखळते ते तिच्या नावापाशीच. तेथे भाऊ निवडून घेतात. निवडतात तेही गुप्त मतदानाने. आणि एकदा निवडला की तो जणू एका आईच्या पोटचा, हे नाते आता मरेपर्यंत तुटायचे नाही, अशी शपथ घेतात. निवड आणि अतूटपणा या दोन परस्परविरोधी गोष्टी एकाच छपराखाली नांदवण्याचा हा जो खटाटोप, त्याची खरी कसोटी समलिंगी सभासदाच्या प्रश्नावर लागली, असे माझे मत आहे. आणि ती दाराशी लागली नसून आत, माजघरात लागली, हे या लेखात मला मांडावयाचे आहे.

संस्थेचा उगम मोठा सात्त्विक आहे. ५ डिसेंबर १७७६ रोजी, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा निघून पुरते सहा महिनेही लोटले नव्हते अशा वेळी, व्हर्जिनियातील विल्यम अँड मेरी महाविद्यालयाच्या काही विद्यार्थ्यांनी 'फाय बीटा कॅपा' हे मंडळ स्थापन केले. ग्रीक अक्षरांचे नाव, पदक, शपथ, हस्तांदोलनाची गुप्त खूण, असा सारा गूढ सरंजाम त्यांनी उभा केला. आणि या सरंजामाच्या आड प्रत्यक्षात चाले काय, तर निबंधवाचन आणि वादविवाद! पुढे १८३१ च्या सुमारास, गुप्त मंडळ्यांविरुद्ध देशात गवगवा झाला तेव्हा, त्या मंडळाने आपली गोपनीयता टाकून दिली आणि ते विद्वत्तेचा गौरव करणारे एक प्रतिष्ठित मंडळ होऊन बसले. परंतु त्याने टाकलेली वस्त्रे दुसऱ्यांनी उचलली. न्यूयॉर्क राज्यातील स्केनेक्टेडी गावच्या युनियन कॉलेजात १८२५ साली 'कॅपा अल्फा' आणि १८२७ साली आणखी दोन मंडळे निघाली; ओहायोतील ऑक्सफर्ड गावच्या मायामी विद्यापीठाने १८३९ ते १८५५ या काळात 'बीटा थीटा पाय', 'फाय डेल्टा थीटा' व 'सिग्मा काय' अशी तीन मंडळे देशाला दिली. मुलींनीही मागे राहण्याचे कारण नव्हते: जॉर्जियातील मेकन येथे १८५१ साली, इलिनॉयमधील मॉनमथ येथे १८६७ साली त्यांची मंडळे उभी राहिली. त्यांना नाव कोणते द्यावे हाच पेच होता, कारण लॅटिन भाषेत भाऊ होते आणि बहिणीही होत्या, पण बहिणींच्या मंडळाला रूढ शब्द नव्हता. सिरॅक्यूज विद्यापीठातील फ्रँक स्मॉली या लॅटिनच्या प्राध्यापकांनी १८८२ साली 'सोरोरिटी' हा शब्द घडवून दिला. तोपर्यंत ज्या मंडळांचे बारसे होऊन गेले होते त्यांपैकी काहींच्या दफ्तरी आजही 'स्त्रियांची फ्रॅटर्निटी' असाच उल्लेख आढळतो.

निबंधवाचन केव्हाच मागे पडले. आज फ्रॅटर्निटी म्हटले म्हणजे डोळ्यांपुढे येते ते विद्यापीठालगतच्या एखाद्या वृक्षाच्छादित रस्त्यावरचे, दर्शनी खांबांवर दोन-तीन ग्रीक अक्षरे मिरवणारे मोठे थोरले घर; त्या घरात एकत्र राहणारी, एकत्र जेवणारी चाळीस-पन्नास मुले; आणि शनिवारच्या रात्री रस्त्यापर्यंत ऐकू येणारा गलका. सत्राच्या आरंभी 'रश' सुरू होतो: नवी मुले घरोघर फिरतात, हसतात, आपापले गुण दाखवतात, आणि घरातले सभासद कोण आपल्यात शोभेल याचा विचार करतात. पसंतीस उतरलेल्याला 'बिड' म्हणजे निमंत्रण जाते. मग काही आठवडे तो 'प्लेज', उमेदवार. आणि शेवटी दीक्षा. जुन्या काळी मतदानासाठी लाकडी पेटी असे व तीत पांढऱ्या-काळ्या गोट्या टाकत. पुष्कळ ठिकाणी एक काळी गोटी निघाली तरी उमेदवार बाद. एका माणसाच्या मुठीत दडलेल्या, कारण न सांगता टाकता येणाऱ्या त्या गोटीइतके या संस्थेचे नेमके वर्णन दुसऱ्या कशाने होईल असे मला वाटत नाही.

परंतु या घरातल्या मुलांना आपण जितके स्वतंत्र समजतो तितके ते नसतात. शाखेला सनद मिळते ती मध्यवर्ती कार्यालयाकडून. आणि घराची मालमत्ता पुष्कळदा माजी सभासदांच्या कंपनीच्या नावावर असते. म्हणजे तारुण्याच्या या राज्यात खरी मुखत्यारी असते ती पन्नाशी-साठी उलटलेल्या गृहस्थांच्या हाती. १९४८ साली मॅसॅच्युसेट्समधील अ‍ॅम्हर्स्ट महाविद्यालयात 'फाय कॅपा साय'च्या शाखेने एका कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला सभासद करून घेतले, तेव्हा वरून हुकूम आला आणि शाखेची सनदच रद्द झाली. मुलांनी माघार घेतली नाही. नावातले एक अक्षर बदलून त्यांनी आपले स्वतंत्र मंडळ चालवले. उलट २०१३ साली अलाबामा विद्यापीठात विद्यार्थ्यांच्याच वृत्तपत्राने उघडकीस आणले की गोऱ्या मुलींच्या काही भगिनीमंडळांतील सभासदांना एका कृष्णवर्णीय उमेदवाराला घ्यावयाचे होते, परंतु माजी सभासद बायकांनी ते होऊ दिले नाही. दोन प्रसंगांत पासष्ट वर्षांचे अंतर आहे, आणि दोन्हीकडे घरातली पोरे घरमालकांपेक्षा शहाणी आहेत.

वर्णावरून मज्जाव पुष्कळ मंडळांनी आपल्या घटनेत उघड कलम घालून केला होता. कलम लिहिलेले असले की त्यावर बोट ठेवता येते, त्याच्याविरुद्ध ठराव मांडता येतो, आणि जनमताचा रेटा वाढला म्हणजे ते खोडताही येते. समलिंगी तरुणाविरुद्ध असे कलम सहसा लिहिले गेले नाही, कारण ज्या गोष्टीचे नाव उच्चारणेही अशिष्ट, तिचा निषेध तरी कागदावर कसा करावयाचा? जे लिहिलेच नाही ते खोडावे कसे, हा पेच पुढच्या पिढीच्या वाट्याला आला. सभासदत्वाच्या शर्तींत अवाक्षर नसतानाही ज्याचा निकाल अगोदरच लागलेला असतो अशा मामल्यात फिर्याद कोणाकडे न्यावी!

आणि हा मज्जाव होता तरी कशासाठी? इतिहासकार निकोलस सिरेट यांनी गोऱ्या फ्रॅटर्निटींच्या इतिहासावरील २००९ सालच्या ग्रंथात या प्रश्नाची जी उकल केली आहे तीमुळे माझ्या समजुतीत मोठा फरक पडला. एकोणिसाव्या शतकातील ही मुले एकमेकांना जी पत्रे लिहीत, ज्या उत्कट शब्दांत विरह आळवीत, एका बिछान्यात झोपत आणि त्याचा उल्लेखही निःसंकोचपणे करीत, त्यात त्यांच्या काळाला वावगे असे काही दिसत नव्हते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत 'समलिंगी' नावाचा माणसाचा एक वेगळा प्रकारच असतो ही कल्पना वैद्यकाच्या ग्रंथांतून समाजात झिरपली, आणि ज्या स्नेहाचा काल अभिमान वाटत होता त्याच्याकडे आज संशयाने पाहिले जाऊ लागले. पन्नास तरुण मुलगे एका घरात राहतात, गळ्यात गळे घालतात, परस्परांस आजन्म निष्ठेच्या शपथा देतात, दीक्षाविधीच्या नावाखाली एकमेकांचे कपडेही उतरवतात: हे सारे निर्दोष आहे याचा दाखला कोण देणार? तो दाखला मुलीने द्यावयाचा, असे ठरले. शनिवारचा नाच, भगिनीमंडळाबरोबरची 'मिक्सर' नामक मेजवानी, वर्षाकाठचा 'फॉर्मल' नामक पोशाखी समारंभ, आपल्या मंडळाचे पदक प्रेयसीच्या पोलक्यावर टाचण्याचा तो साखरपुड्याच्या अलीकडचा गोड रिवाज, आणि दुसऱ्या दिवशी न्याहारीच्या टेबलावर सांगितल्या जाणाऱ्या खऱ्याखोट्या पराक्रमाच्या कथा, या साऱ्या समारंभाला करमणुकीखेरीज आणखी एक काम होते. घरातल्या पुरुषांच्या आपसातील प्रेमावर शंका घेतली जाऊ नये म्हणून दर आठवड्याला भरावयाचा तो एक प्रकारचा सारा होता. स्त्री त्या घरात पाहुणी म्हणून आली तरी तिला वागवले जाई साक्षीदार म्हणून. आणि साक्षीदाराची इच्छा-अनिच्छा कोण विचारतो? या घरांतून स्त्रियांवर झालेल्या अत्याचारांची जी दीर्घ आणि लज्जास्पद मालिका अमेरिकेच्या न्यायालयांत व वृत्तपत्रांत नमूद आहे, तिचे एक मूळ या साक्षीच्या सक्तीत आहे असे मी मानतो.

असे असता समलिंगी मुलगा त्या घरात येणार तरी कसा, असा प्रश्न साहजिक वाटेल. उत्तर असे की तो तेथे पहिल्यापासून होताच. चाळीस-पन्नास तरुणांच्या कोणत्याही मेळ्यात तो असतो, तसा तेथेही होता; किंबहुना पुरुषांच्या सहवासाची ओढ आणि आपल्यावर कोणी संशय घेऊ नये ही इच्छा, या दोन्ही गोष्टी ज्या एकाच पत्त्यावर साधत होत्या ते घर त्याला इतरांपेक्षा अधिकच जवळचे वाटले असेल. १९९५ साली इंडियाना विद्यापीठात शेन विंडमायर यांनी 'लॅम्डा टेन' नावाचा उपक्रम सुरू केला, आणि १९९८ साली पामेला फ्रीमन यांच्यासह फ्रॅटर्निटीतील समलिंगी सभासदांच्या आत्मकथनांचा एक संग्रह प्रसिद्ध केला. २००१ साली तसाच संग्रह भगिनीमंडळांतील स्त्रियांचाही निघाला. या आत्मकथनांचे मोल दुःखाच्या हकिकतींत आहे तसेच त्यांच्या क्रमातही आहे. सांगणारा मुलगा बहुधा आधी भाऊ होतो आणि मागाहून स्वतःविषयी सांगतो. तो शाखेचा चिटणीस झालेला असतो, खजिनदार झालेला असतो, कोणाच्या तरी वडिलांच्या अंत्यविधीला आठ तास गाडी चालवत गेलेला असतो. आणि मग एका रात्री, तिसऱ्या किंवा चौथ्या वर्षी, तो शेजारच्या खाटेवरल्या मित्राला जागा करतो.

माझ्या मते फ्रॅटर्निटी या शब्दाचा अर्थ तेथे, त्या खाटेपाशी, पहिल्यांदा खरा होऊ लागतो. दाराशी उभा असलेला समलिंगी तरुण हा उमेदवार असतो. त्याला घेतले तर ती उदारता आणि न घेतले तर तो अनुदारपणा, परंतु दोन्हींत वरचढपणा देणाऱ्याचाच. आत आलेला, शपथ झालेला, मग कळलेला जो मुलगा, त्याच्या बाबतीत मात्र संस्थेची सारी यंत्रणा निरुपयोगी ठरते, कारण काळी गोटी टाकण्याची वेळ टळून गेलेली असते. आता त्या पन्नास जणांपुढे एक असा भाऊ उभा असतो की जो त्यांनी जाणून निवडलेला नाही. घरोघरी भाऊ जसा वाट्याला येतो तसाच तो त्यांच्या वाट्याला आलेला असतो. ज्या शाखांनी त्याला घराबाहेर काढले त्यांनी आपण मित्रांचे एक निवडक मंडळ होतो एवढेच सिद्ध केले. ज्या शाखांत कुरकूर झाली, दोघे-तिघे खोली बदलून गेले, एकाने बोलणे टाकले आणि तरीही तो घरात राहिला, त्या शाखांत भाऊबंदकीसह सारे काही आले, आणि भाऊबंदकी ही भावांतच होते.

यावर एक आक्षेप येईल व तो मी हलका मानत नाही. जो मुलगा आपल्याविषयीची एवढी मोठी गोष्ट लपवून आत आला त्याने निवडणाऱ्यांशी प्रतारणा केली, आणि सत्यावर आधारलेल्या मैत्रीचा पायाच त्यामुळे खचला, असे म्हणता येईल. पण 'रश'च्या त्या दहा दिवसांत खरे कोण बोलत असतो? बापाचे कर्ज, आईचे आजारपण, शाळेतली फजिती, आपण मुळात किती भित्रे आहोत ही गोष्ट, यांपैकी काही सांगून तेथे कोणी निवडून आल्याचे ऐकिवात नाही. शिवाय लपवणे हे त्या मुलाचे कपट नव्हते, ते त्याच्याकडून घेतलेले प्रवेशशुल्क होते. ज्याने शुल्क ठरवले त्यानेच पुढे पावतीबद्दल तक्रार करावी हे काही न्यायाला धरून नाही.

त्या घरांत द्वेषाची खोली किती होती हे विसरून मात्र चालणार नाही. ऑक्टोबर १९९८ मध्ये वायोमिंग विद्यापीठाचा मॅथ्यू शेपर्ड हा समलिंगी विद्यार्थी लॅरमी गावाबाहेर एका कुंपणाला बांधून अमानुष मारहाण केलेल्या स्थितीत सापडला. ज्या सायकलस्वाराने त्याला प्रथम पाहिले त्याला ते शेतातले बुजगावणे वाटले होते. त्याला कोलोरॅडोतील फोर्ट कॉलिन्सच्या रुग्णालयात हलवले. तो तेथे मृत्यूशी झुंजत असताना, त्याच गावात, कोलोरॅडो स्टेट विद्यापीठाच्या वार्षिक मिरवणुकीत फ्रॅटर्निटी व सोरोरिटीच्या एका चित्ररथावर कोणीतरी एक बुजगावणे उभे करून त्यावर समलिंगींना उद्देशून अर्वाच्य शब्द रंगवले होते. शेपर्ड १२ ऑक्टोबरला गेला. संबंधितांवर विद्यापीठाने व मध्यवर्ती मंडळांनी कारवाई केली हे खरे. पण बुजगावण्याची कल्पना ज्यांना सुचली आणि ज्यांनी ते रथावर चढू दिले, ती कॉलेजात शिकणारी, घरी आईबापांची लाडकी असलेली मुले होती. तो चित्ररथ निघाला त्याच शनिवारी लॅरमीच्या मिरवणुकीत शेकडो माणसे शेपर्डसाठी दंडाला फिती बांधून चालली. दोन गावांत अंतर शे-सव्वाशे किलोमीटरांचे.

भगिनीमंडळांची कथा याहून शांत आहे, आणि तिच्या शांतपणातच तिचे दुःख आहे. राष्ट्रीय पातळीवरील सव्वीस मंडळांची जी परिषद १९०२ पासून आहे, तिच्या सभासद मंडळांच्या घरांत मद्याला बंदी असते. त्यामुळे मेजवानी व्हावयाची ती भावांच्या घरी, त्यांच्या अटींवर, त्यांच्या जिन्यांवर आणि त्यांच्या तळघरांत. बहिणींचे सामाजिक पंचांग असे पुरुषांच्या घरावर अवलंबून राहिले, आणि कोणत्या भ्रातृमंडळाबरोबर आपल्या घराची जोडी लागते यावर घराची इभ्रत ठरू लागली. अशा घरात जिला मुलगी आवडते त्या मुलीला कोणी चित्ररथावरून शिव्या दिल्या नाहीत. तिला नाचाला कोणाबरोबर जाणार एवढेच विचारले. दर सत्राला विचारले. सभ्यपणे विचारलेल्या या प्रश्नाला चार वर्षांत किती खोटी उत्तरे द्यावी लागतात याचा हिशेब ठेवला तर तो शिव्यांपेक्षा भारी निघेल.

दार बंद असले म्हणजे माणसे आपले दुसरे घर बांधतात. कॉर्नेल विद्यापीठात १९०६ साली कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी 'अल्फा फाय अल्फा' काढली, दोन वर्षांनी हॉवर्ड विद्यापीठात मुलींनी 'अल्फा कॅपा अल्फा' काढली. ज्यू विद्यार्थ्यांनी त्याही आधी आपली मंडळे उभारली होती. १९९६ साली पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात 'सिग्मा बीटा रो' आणि १९९८ साली ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात 'डेल्टा एप्सिलॉन साय' व 'कॅपा फाय गॅमा' ही दक्षिण आशियाई मुलामुलींची मंडळे निघाली, आणि ज्यांच्या आजोबांनी पुण्या-मुंबईच्या वसतिगृहांत ग्रीक अक्षर कधी भूमितीपलीकडे पाहिले नसेल अशा घरांतील नातवंडांनाही ती अक्षरे सदऱ्यावर मिरवण्याची सोय झाली. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून एकेका समाजासाठी वसतिगृहे काढली तेव्हा त्यामागेही हीच निकड होती, हे आपल्याला सहज उमजेल. समलिंगी तरुणांचे असे घर १९८६ साली वॉशिंग्टन येथे 'डेल्टा लॅम्डा फाय' या नावाने उभे राहिले. १९८८ साली लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात 'लॅम्डा डेल्टा लॅम्डा' हे समलिंगी स्त्रियांचे मंडळ निघाले. गंमत अशी की 'डेल्टा लॅम्डा फाय'ने इतर पुरोगामी विचारांच्या पुरुषांनाही, त्यांचा ओढा कोणाकडे आहे हे न विचारता, दार उघडे ठेवले. जे हाकलले गेले होते त्यांना दाराचा उपयोग अधिक ठाऊक असावा.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो, पण तिच्यातील एक विनोद सांगितल्यावाचून राहवत नाही. शिक्षणातील लिंगभेदाला बंदी करणारा १९७२ चा अमेरिकन कायदा १९७४ साली दुरुस्त झाला आणि सामाजिक फ्रॅटर्निटी व सोरोरिटींच्या सभासदत्वाला त्यातून सूट मिळाली. न्यूयॉर्कमधील एका सरकारी महाविद्यालयाविरुद्ध ज्यू मुलांच्या एका लहानशा शाखेने दावा लावला तेव्हा २००७ साली अपील न्यायालयाने त्यांना असे सुनावले की तुमचे नाते कुटुंबासारखे निकटचे आहे हे म्हणणे ग्राह्य धरता येत नाही. तुम्ही सभासद गोळा करत हिंडता आणि तुमच्या मेजवान्यांना बाहेरचे लोक येतात. म्हणजे ज्या मेजवान्यांनी घराच्या पुरुषत्वाची साक्ष दिली, त्यांनीच न्यायालयात घराच्या घरपणाविरुद्ध साक्ष दिली! पुढे हार्वर्ड विद्यापीठाने २०१६ साली फर्मान काढले की केवळ पुरुषांच्या वा केवळ स्त्रियांच्या मंडळात जाणाऱ्याला विद्यार्थिसंस्थांचे नेतृत्व, संघाचे कर्णधारपद आणि मोठ्या शिष्यवृत्त्यांसाठी विद्यापीठाची शिफारस मिळणार नाही. मंडळांनी दावे दाखल केले. जून २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की समलिंगी असल्याबद्दल माणसाला नोकरीवरून काढणे हा लिंगभेदच होय, कारण तेच प्रेम एखाद्या स्त्रीने केले असते तर तिला कोणी काढले नसते. आणि दोनच आठवड्यांत हार्वर्डने आपले फर्मान मागे घेतले, कारण याच तर्काने पाहता, कोणत्या मंडळात गेल्याबद्दल दंड व्हावा हे विद्यार्थ्याच्या लिंगावर ठरवणारा त्यांचा नियमही टिकणार नव्हता. समलिंगी कामगारांसाठी मिळवलेली ढाल अशा रीतीने जुन्या पुरुषी क्लबांच्या दारावर टांगली गेली. तो निर्णय लिहिणारे न्यायमूर्ती नील गॉर्सच हे स्वतः कोलंबिया विद्यापीठात असताना एका फ्रॅटर्निटीचे सभासद होते.

कोलंबियाचे नाव निघाले म्हणून थोडे थांबतो. १९६७ साली समलिंगी विद्यार्थ्यांच्या संघटनेला अधिकृत मान्यता देणारे देशातील पहिले विद्यापीठ हेच. आणि त्याच्याही अर्धशतक आधी, १९१३ च्या जुलैत, बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन भीमराव आंबेडकर नावाचा विद्यार्थी तेथे दाखल झाला होता. आपल्या राज्यघटनेच्या उद्देशिकेत 'बंधुता' हा शब्द आला तो त्यांच्या अध्यक्षतेखालील मसुदा समितीमुळे. संविधान सभेच्या मूळ उद्दिष्टांच्या ठरावात तो नव्हता. कोलंबियाच्या रस्त्यांवर ग्रीक अक्षरांची घरे त्यांच्या नजरेस पडली असतील वा नसतील. परंतु त्यांना अभिप्रेत असलेली बंधुता ही ज्यांना आपण निवडले नसते त्यांच्याशी असावयाची, आणि त्या घरांतील बंधुता ही ज्यांना आपण निवडले त्यांच्याशी. जातीही आपल्या आत मोठा बंधुभाव बाळगते. जातभाई हा शब्द काही उगाच झाला नाही. तेव्हा समलिंगी तरुणाला घरात घेतले म्हणून ते घर पुरोगामी झाले असे मानणाऱ्यांना मी एवढेच विचारीन की पेटी आणि गोट्या अद्याप तेथेच आहेत ना? आज त्याला पांढरी गोटी पडली; शेजारी उभा असलेला लठ्ठ, तोतरा, गरीब मुलगा ज्या काळ्या गोटीने परत गेला, ती त्याच हाताने टाकलेली असू शकते.

तरीही ही घरे कायद्याने बंद करावी असे मला वाटत नाही. विल्यम्स महाविद्यालयाने १९६२ पासून ती मोडीत काढली, बोडन महाविद्यालयाने १९९७ मध्ये. ती महाविद्यालये काही बुडाली नाहीत, हे कबूल. पण घर सोडून प्रथमच बाहेर पडलेल्या अठरा वर्षांच्या मुलाला कोणाचे तरी व्हावेसे वाटणे ही गोष्ट हुकमाने बरखास्त होत नाही. ती दुसऱ्या दाराने, दुसऱ्या नावाने परत येते. समाजशास्त्रज्ञ एरिक अँडरसन यांनी २००८ साली एका शाखेचा जो अभ्यास प्रसिद्ध केला त्यात समलिंगी सभासदांसह राहणाऱ्या मुलांच्या पौरुषाची भाषाच निवळलेली दिसली. एका शाखेवरून देशाचा निष्कर्ष काढण्याइतका मी भाबडा नाही. पण मुलीच्या साक्षीची गरज जिथे संपली तिथे मुलीलाही थोडी मोकळीक मिळाली असेल, हे अनुमान मला सोडवत नाही.

आता वाद आणखी पुढे सरकला आहे. लॅरमीत शेपर्ड ज्या विद्यापीठात शिकत होता त्याच विद्यापीठातील 'कॅपा कॅपा गॅमा'च्या शाखेने २०२२ साली एका ट्रान्सजेंडर मुलीला सभासद म्हणून निवडले, आणि काही सभासद मुली न्यायालयात गेल्या. 'स्त्री' या शब्दाची व्याख्या न्यायालयाने करून द्यावी ही त्यांची मागणी. मंडळाच्या घटनेत ती व्याख्या नाही, आणि खाजगी मंडळाने आपल्या शब्दाचा जो अर्थ लावला तो आम्ही बदलणार नाही, असे म्हणून २०२३ साली न्यायाधीशांनी दावा काढून टाकला. जी स्वायत्तता इतकी वर्षे दार लावून घेण्यासाठी वापरली गेली तीच येथे दार उघडे ठेवण्याच्या कामी आली. परंतु वादी मुलीही भगिनीच होत्या, आणि त्यांची अस्वस्थता सगळीच खोटी होती असे मी म्हणणार नाही. एका घरात राहण्याचे प्रश्न कायद्याच्या पुस्तकाने सुटत नाहीत, ते न्याहारीच्या टेबलावर सुटतात किंवा चिघळतात.

बॉस्टनच्या इमर्सन महाविद्यालयात 'फाय अल्फा टाउ' नावाची एक जुनी फ्रॅटर्निटी आहे. २०१३ च्या फेब्रुवारीत तिच्यातील एका नव्या भावाच्या, स्त्रीदेहात जन्मलेल्या भावाच्या, छातीवरील शस्त्रक्रियेचा खर्च देण्याचे विमा कंपनीने नाकारले. इतरांनी वर्गणी काढली. शस्त्रक्रियेला लागणार होते त्याच्या दुपटीहून अधिक, वीस हजार डॉलरांच्या वर पैसे जमले. उरलेल्या रकमेचे काय करावयाचे यावर विचार झाला, आणि ती अशाच शस्त्रक्रियेची गरज असलेल्या अनोळखी माणसांना मदत करणाऱ्या एका निधीकडे पाठवण्याचे मुलांनी ठरवले. त्या माणसांसाठी कोणी पेटी फिरवली नव्हती.